गंज काढा, धातू ठेवा

पेण तालुक्यात धरमतर खाडीच्या काठी, डोलवीला पोलादाचा मोठा कारखाना आहे. तिथं खनिज येतं, प्रचंड उष्णता खर्चून त्यातला ऑक्सिजन काढून टाकतात आणि मागं राहतं ते लोखंड. त्याच खाडीचा वारा पेणमध्ये एखाद्या पडवीत उभ्या असलेल्या मोटारसायकलवर बसतो आणि नेमकं उलटं काम सुरू करतो. काढून टाकलेला ऑक्सिजन तो लोखंडाला परत देतो. खनिजात असतं ते लोहाचं ऑक्साइड आणि गंज म्हणजेही तेच ऑक्साइड, फक्त पाणी धरून बसलेलं. कोकणातला जांभा लाल दिसतो तोही त्याच्याचमुळे. लोखंडाची ओढ मातीकडे असते. जुनी गाडी जपणाऱ्याचं काम त्या ओढीला शक्य तितका काळ लगाम घालण्याचं आहे.

मी पेणचा. आयटीआयमध्ये फिटर झालो आणि रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत बरीच वर्षं मेंटेनन्सला काढली. पाइप, फ्लँज, नटबोल्ट, पंपाची केसिंगं यांना गंजापासून वाचवण्यातच तिथला दिवस जायचा. आता घरामागच्या शेडमध्ये जुन्या मोटारसायकली पुन्हा उभ्या करतो. येणारा प्रत्येक जण म्हणतो, ‘‘चकाचक करून द्या.’’ मी त्याला सांगतो, ‘‘गंज काढून देतो; धातू काढणार नाही.’’ या दोन गोष्टींमधला फरक कळला, की घरच्या घरीही बरंच काम नीट करता येतं.

आपल्याकडे एवढा गंज का?

गंजायला पाणी आणि ऑक्सिजन हे दोघं पुरेसे असतात. मीठ आलं की वेग वाढतो. लोखंडाच्या एका ठिपक्यावरून इलेक्ट्रॉन सुटतात, शेजारच्या ठिपक्यावर पाणी आणि ऑक्सिजन ते घेतात आणि मधला ओलावा ही देवाणघेवाण चालू ठेवतो. खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं, म्हणून खाऱ्या ओलाव्यात हा व्यवहार जोरात चालतो. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली, की उघडं पोलाद झपाट्यानं गंजू लागतं. आपल्या जिल्ह्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पेण तालुक्यात खाड्या आहेत, मिठागरं आहेत. लोखंडावर बसलेला मिठाचा बारीक थर हवेतलं पाणी ओढून घेतो. त्यामुळे पाऊस नसतानाही पत्रा ओलाच राहतो.

अॅल्युमिनियम आणि क्रोमियम यांनाही ऑक्सिजन लागतोच. पण त्यांच्या ऑक्साइडचा थर पातळ, घट्ट आणि धातूला चिकटलेला असतो. तोच पुढचा धातू वाचवतो. लोखंडाचा गंज मात्र सच्छिद्र असतो. तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, फुगतो, पापुद्रे सुटतात आणि खालचं कोरं लोखंड पुन्हा हवेला उघडं पडतं. म्हणून गंजलेल्या पत्र्यावर नुसता रंग मारला तर तो वर्षभरात फुगून येतो.

गंज दिसतो तिथं कमी आणि लपतो तिथं जास्त असतो. मागच्या मडगार्डच्या आतल्या बाजूला चिखल साचतो. सीटखालच्या पत्र्यावर फोममधलं पाणी महिनोन्‌महिने राहतं. रिमच्या आत, ट्यूबच्या पट्टीखाली, ओल कोंडते. टाकीच्या बाजूला गुडघ्यासाठी लावलेल्या रबरी पॅडखालीही तेच. प्लास्टिकच्या ताडपत्रीत घट्ट गुंडाळून ठेवलेली गाडी उघड्यावरच्या गाडीपेक्षा वाईट निघालेली मी पाहिली आहे. आत कोंडलेला दमटपणा बाहेर जाऊच शकत नाही.

मामांची येझदी

सध्या माझ्या शेडमध्ये रोह्याच्या मामांची येझदी आहे, १९७४ची. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीनं १९६१ मध्ये चेकोस्लोव्हाकियातल्या जावा गाड्या इथं बनवायला सुरुवात केली. सत्तरच्या दशकात त्याच गाड्या येझदी नावानं येऊ लागल्या. कारखाना १९९६ मध्ये बंद झाला. बाजारात आज मिळणारे बरेचसे भाग नव्यानं, दुसरीकडे बनवलेले असतात. टाकीचा बाक, मडगार्डची कड, झाकणाचं ओतीव काम मूळच्या मापाबरहुकूम बसेलच याची खात्री नसते. त्यामुळे मूळ भाग कितीही गंजलेला असला, तरी वाचवता येत असेल तोवर तो बदलायचा नाही, असा माझा नियम आहे.

मामा ही गाडी रोहा, कोलाड, नागोठणे, पेण अशी कामासाठी चालवायचे. नंतर ती कुंडलिकेपासून जवळच्या त्यांच्या घराच्या पडवीत उभी राहिली. गाडी सोपवताना त्यांनी सायलेन्सरवरच्या एका लांब ओरखड्यावर बोट ठेवलं. ‘‘हा कोलाडच्या वळणावरचा आहे. हा राहू दे रे.’’ मी तो ठेवतोय. जुन्या गाडीच्या अंगावर तिचा वापर लिहिलेला असतो. घासून गुळगुळीत केला, की तो कायमचा गेला.

आधी पाहणी, मग हात

गंजाच्या तीन पायऱ्या असतात. पहिली वरवरची: नारिंगी भुकटी, बोटाला लागते, खाली धातू सपाट. दुसरी खड्ड्यांची: गंज काढल्यावर सुईनं टोचल्यासारखी भोकं दिसतात, पण पत्र्यात जीव असतो. तिसऱ्या पायरीवर पत्रा सडलेला असतो. स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं हलकेच ठोकलं, की चांगला पत्रा टणटणतो, सडलेला भद्द वाजतो. टोकदार सळई दाबली आणि ती आत गेली, तर तिथं तुकडा कापून वेल्डिंग करण्याला पर्याय नाही. मागच्या मालकानं भोक लांबीनं बुजवून वर रंग मारलेला असेल, तर छोटं लोहचुंबक फिरवावं. लांबी असेल तिथं ते चिकटत नाही.

खोलण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. प्रत्येक जागचे नटबोल्ट वेगळ्या पिशवीत घालून वर नाव लिहा. जाम बोल्टावर ताकद लावू नका. गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू द्या, सकाळी हातोडीनं हलके ठोके द्या, मग पाना लावा. तरीही नाही सुटला, तर नटाला उष्णता द्या. मात्र त्याआधी टाकी आणि कार्बोरेटर गाडीवरून काढून दूर नेलेले असले पाहिजेत. इंजिनाची सगळी तोंडं बंद करायची, कारण घासकामाची एक चिमूट भुकटी बेअरिंगचं वाटोळं करायला पुरते.

गंज काढण्याच्या रीती

सगळ्यांना पहिल्यांदा ग्राइंडर आणि तारेचा ब्रश आठवतो. चेसिसच्या जाड नळीला तो चालतो. मडगार्डच्या पातळ पत्र्याला आणि क्रोमला तो लावायचा नाही. ब्रशच्या तारा सुटून गोळीसारख्या उडतात, म्हणून चष्म्याशिवाय हे काम करूच नये. चेसिस पूर्ण सोलायची असेल तर ब्लास्टिंग चांगलं. पण ते साध्या वाळूनं नको. वाळूतल्या सिलिकाची धूळ फुप्फुसात बसते आणि त्यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. गार्नेट किंवा काचेचे मणी वापरणारा माणूस शोधा आणि पातळ पत्र्यावर दाब कमी ठेवायला सांगा. जास्त दाबानं पत्रा तापतो आणि वाकतो.

लहान भागांसाठी माझी आवडती वस्तू किराणा दुकानात मिळते: लिंबाचं सत्त्व, म्हणजे सायट्रिक अॅसिड. चिंचेनं पितळेचा तांब्या उजळतो तशीच ही क्रिया आहे. आम्ल ऑक्साइडला विरघळवतं, शिवाय सायट्रेट लोहाला पकडून पाण्यात धरून ठेवतं. लिटरभर कोमट पाण्याला ५० ग्रॅम टाका, आधी तेल-ग्रीस धुऊन काढलेला भाग त्यात बुडवा आणि काही तासांनी ब्रश मारून बघत राहा. गंज गेला की लगेच बाहेर काढा. जस्ताच्या मुलाम्याचे आणि अॅल्युमिनियमचे भाग यात सोडायचे नाहीत. बाहेर काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळून आम्ल मारा, स्वच्छ पाण्यानं धुवा आणि तिथल्या तिथं गरम हवेनं किंवा उन्हात वाळवा. नुकताच उघडा झालेला धातू इतका कोरा असतो, की पावसाळी हवेत काही मिनिटांत त्यावर पिवळी झाक येते. म्हणून प्रायमर किंवा तेल त्याच दिवशी लागलं पाहिजे.

संडास धुण्याचं अॅसिड मात्र शेडमध्ये आणूसुद्धा नका. ते हायड्रोक्लोरिक अॅसिड असतं. गंज चटकन खातं, मागोमाग लोखंडही खातं, आणि त्याच्या वाफेनं शेडमधली बाकीची हत्यारं दोन दिवसांत लाल होतात. स्प्रिंग आणि स्पोक यांच्या कडक पोलादात आम्लामुळे हायड्रोजन शिरतो. ते ठिसूळ होतं आणि भार आला की तुटतं. चाकाचा स्पोक तुटणं म्हणजे जिवाशी खेळ.

गुंतागुंतीच्या आकाराच्या भागांना विजेची रीत सगळ्यात सौम्य पडते. प्लास्टिकची बादली घ्या आणि चार-पाच लिटर पाण्याला मोठा चमचाभर धुण्याचा सोडा घाला. बॅटरी चार्जरचं ऋण टोक गंजलेल्या भागाला आणि धन टोक साध्या लोखंडी पट्टीला लावा. दोघांचा एकमेकांना स्पर्श होऊ देऊ नका. चार्जर चालू केला, की भागावरून बारीक बुडबुडे उठतात, गंजाचा काही अंश काळ्या थरात बदलतो आणि तो नायलॉनच्या ब्रशनं निघतो. चांगलं लोखंड जवळजवळ जसंच्या तसं राहतं. मामांच्या येझदीचा किकचा दांडा मी असाच सोडवला. जावा-येझदीत किक आणि गिअर एकाच दांड्यानं चालतात. किक मारून झाली की दांडा पुढे फिरवायचा आणि तोच गिअरचा होतो. त्याचा सांधा गंजानं एकजीव झाला होता. ठोकून सोडवला असता, तर आतल्या खाचा गेल्या असत्या. बादलीतून निघाला तेव्हा त्या खाचांच्या कडा बोटाला लागत होत्या.

या रीतीला तीन पथ्यं आहेत. बुडबुड्यांत हायड्रोजन असतो, म्हणून काम मोकळ्या हवेत आणि ठिणगीपासून दूर करायचं. सोड्याऐवजी मीठ घालायचं नाही, त्यातून क्लोरीन निघू शकतो. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीच लावायचं नाही, कारण त्यातून विषारी षट्संयुजी क्रोमियम पाण्यात उतरतं. अॅल्युमिनियमलाही ही बादली वर्ज्य, आणि स्प्रिंग-स्पोकला पुन्हा हायड्रोजनचंच भय.

खड्ड्यांच्या तळाशी थोडा गंज राहतोच. तो खरवडत बसलं तर पत्रा पातळ होतो. तिथं गंज पालटणारं द्रावण लावावं. त्यात फॉस्फोरिक अॅसिड किंवा टॅनिन असतं. टॅनिन म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या हिरड्यात भरपूर असणारं तुरट द्रव्य. ते लोहाशी जुळून काळा, स्थिर थर देतं. फॉस्फोरिक अॅसिडनं लोह फॉस्फेटचा थर बसतो. दिल्लीचा लोहस्तंभ सुमारे १६०० वर्षं उघड्यावर उभा आहे. कानपूर आयआयटीचे प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याच्या अभ्यासातून दाखवलं, की त्या लोखंडातल्या जास्त फॉस्फरसमुळे पृष्ठभागावर फॉस्फेटचा पातळ थर तयार झाला आणि त्यानं स्तंभ जपला. आपण डब्यातून लावतो तो थरही त्याच जातीचा आहे. दिल्लीची कोरडी हवा मात्र आपल्याकडे नाही. म्हणून त्याच्यावर प्रायमर आणि रंग हवाच.

क्रोमवर सबुरी

क्रोमच्या भागावर नारिंगी ठिपके दिसले, की लोक म्हणतात क्रोम गंजलं. क्रोम गंजत नाही. चांगल्या मुलाम्यात लोखंडावर तांबं, त्यावर निकेल आणि सगळ्यात वर क्रोम असतं. हा वरचा थर सहसा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ, म्हणजे केसाच्या जाडीचा सत्तरावा भागही नाही. त्याला सुईच्या टोकाएवढी छिद्रं असतात. ओलावा त्यांतून खाली उतरतो आणि आतलं लोखंड गंजून वर येतं. अशा थरावर एमरी पेपर एकदा फिरला, तर क्रोम गेलंच.

इथं उपयोगी पडतो तो स्वयंपाकघरातला अॅल्युमिनियम फॉइल. चुरगळून गोळा करा, पाण्यात बुडवा आणि ठिपक्यांवर हलक्या हातानं गोल फिरवा. अॅल्युमिनियम क्रोमपेक्षा खूप मऊ असल्यानं ओरखडा पडत नाही, आणि गंज खरवडला जातो. पाणी तपकिरी-काळं होतं. पुसा, पुन्हा फिरवा. ठिपक्याच्या जागी बारीक काळा बिंदू राहील. तो राहू द्या. वर मेणाचं पॉलिश चोळा म्हणजे छिद्रांची तोंडं बुजतील. मामांच्या गाडीच्या हँडलवर आणि हेडलाइटच्या कड्यावर मी एवढंच केलं.

मुलामा सोलून निघत असेल तरच नव्यानं क्रोम करून घ्यावं. तेव्हाही प्लेटिंगवाल्याला ‘बफिंग कमी’ असं स्पष्ट सांगा. मुलाम्याआधी धातू घासून आरशासारखा करतात, आणि त्या नादात टाकीचा पत्रा आणि रिमवरची अक्षरं झिजतात. प्लेटिंगच्या टाक्यांतलं क्रोमियम विषारी असतं, त्यामुळे सांडपाणी नीट हाताळणाऱ्या परवानाधारक कारखान्यातच काम द्या, पैसे थोडे जास्त गेले तरी.

झळाळी किती हवी

इंजिनाची झाकणं अॅल्युमिनियमची. त्यांना लाल गंज चढत नाही. खाऱ्या हवेत पांढरी भुकटी आणि बारीक खड्डे येतात. साबणाच्या पाण्यानं धुतल्यावर खड्डे किती खोल आहेत ते बघून पेपर निवडावा. वरवरचे असतील तर ६०० नंबरच्या वॉटर पेपरपासून, खोल असतील तर ३२० पासून सुरुवात. मग ८००, १०००, १५००. प्रत्येक पेपर आधीच्या पेपरच्या आडव्या दिशेनं फिरवायचा. जुन्या रेघा पूर्ण गेल्या की पुढचा नंबर. मधला नंबर गाळला, तर शेवटच्या झळाळीत ती जुनी रेघ उन्हात चमकून दिसते आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

मग बफ. आधी काथ्यासारख्या कडक धाग्याचा मॉप आणि कापणारा बफिंग साबण, नंतर सुती मॉप आणि मऊ साबण. भाग नेहमी चाकाच्या खालच्या अर्ध्या भागाला लावायचा आणि त्याची कड चाकाच्या फिरण्याच्या दिशेनं धरायची. कड उलटी लागली, तर चाक भाग हिसकावून फेकतं. सैल बाह्या, गळ्यातलं उपरणं, हातातलं कडं, काहीही नको. सोनार शेवटची झळाळी देण्यासाठी जी लाल रूज वापरतात, तीही लोहाचं ऑक्साइडच आहे. आपण ज्याला हटवायला बसलोय, त्याचीच वस्त्रगाळ पूड सोन्याला उजळवते. चेसिसला लावतो त्या रेड ऑक्साइड प्रायमरचा रंगही त्याचाच.

थांबायचं कधी, याची माझी खूण सोपी आहे. झाकणावर ओतकामात उठवलेलं कंपनीचं नाव बघा. त्या अक्षरांच्या कडा अजून टोकदार असतील, तोवर ठीक. त्या गोलावू लागल्या की हात थांबलाच पाहिजे, खड्डे राहिले असले तरी. खड्डा हा काळाचा असतो. झिजलेलं अक्षर आपलं पाप असतं.

टाकी आणि नंबर

पेट्रोल टाकीच्या आतला गंज बाहेरून कळत नाही, पण तोच कार्बोरेटर चोंदवतो. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी शोषतं. त्यामुळे उभ्या गाडीच्या टाकीत तळाशी पाणी साचण्याचा धोका वाढला आहे. टाकी पूर्ण रिकामी करून साबणाच्या पाण्यानं धुवा, सायट्रिक अॅसिडचं पाणी काठोकाठ भरून ठेवा, मग सोड्यानं मारा, धुवा, गरम हवेनं वाळवा आणि लगेच आतून तेल फिरवा. भोक असलं तरी घरी वेल्डिंगचा विचार नको. रिकाम्या टाकीतली पेट्रोलची वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक असते.

चेसिस नंबर आणि इंजिन नंबर कोरलेल्या जागेवर ग्राइंडर, ब्लास्टिंग आणि जाड रंग यांना बंदी. तिथं फक्त हात, तेल आणि मऊ ब्रश. आपल्या जिल्ह्याचं एमएच-०६चं आरटीओ कार्यालय पेणलाच आहे. तिथं नंबर वाचता आला नाही, तर गाडीची ओळखच गेली. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं ५० वर्षांहून जुन्या, खासगी दुचाकी-चारचाकींसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम केले. नव्या नोंदणीला २०,००० रुपये लागतात, ती १० वर्षं चालते, नंतरच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच आणता येते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा, ही अटही आहे. म्हणजे मूळ धातू जपणं हा आता केवळ हौसेचा प्रश्न राहिलेला नाही.

आणखी एक गोष्ट. वापरलेलं आम्ल सोड्यानं मारल्याशिवाय टाकू नका आणि जुनं तेल गटारात ओतू नका. आपल्याकडचं गटार भोगावतीला मिळो की कुंडलिकेला, पाणी शेवटी खाडीत जातं आणि तिथं मासेमारी करणारी माणसं आहेत.

पेण-रोह्याच्या कित्येक घरांत अजून एखादी राजदूत, बुलेट, येझदी किंवा बजाजची स्कूटर पडवीत उभी आहे. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी तिला एक दुपार द्या. प्लास्टिक काढून टाका, मडगार्डखालचा चिखल धुवा, गाडी उन्हात पूर्ण वाळवा, टाकी रिकामी करा आणि उघड्या लोखंडाला तेलाचा हात द्या. एवढ्यानं गंजाचा वेग मंदावतो. बाकीचं काम पावसाळा संपल्यावर सवडीनं करता येईल.